सेल्फ-टेपचं सामान: आधी माइक, मग कापड, दिवा शेवटी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत तिथे मराठी बातम्या वाचणारी एक तरुणी श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली. ती स्मिता पाटील. १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आणि 'निशांत', १९७७ मध्ये 'भूमिका' आणि 'जैत रे जैत'. भक्ती बर्वेही त्याच केंद्रावर बातम्या वाचत. बातम्यांच्या त्या चौकटीत होतं तरी काय? छातीपासून वरचा भाग, मागे साधी भिंत, स्थिर नजर आणि स्वच्छ आवाज. चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसत होतं आणि शब्द न् शब्द ऐकू येत होता. दिग्दर्शकाला तेवढं पुरलं.

आज मालिका आणि सिनेमाच्या नटाची पहिली पायरी बरीचशी तशीच आहे, फक्त कॅमेरा त्याने स्वतः लावायचा असतो. कास्टिंगवाल्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दीड पानाचा प्रसंग येतो, सोबत 'उद्या संध्याकाळपर्यंत टेप पाठवा' एवढीच सूचना. टेप म्हणजे सेल्फ-टेप, तो प्रसंग घरीच करून स्वतः घेतलेला ऑडिशनचा व्हिडिओ. कोल्हापूर, नागपूर, नांदेडच्या नटाला त्यामुळे प्रत्येक ऑडिशनसाठी मुंबई गाठावी लागत नाही, हा फार मोठा फायदा आहे. मात्र टेप पाहणारा माणूस दिवसाला अशा कितीतरी टेप पाहतो. आवाज घुमला किंवा चेहरा काळा पडला, तर अभिनयापर्यंत तो पोचतच नाही.

हे परीक्षण त्या टेपसाठी लागणाऱ्या सामानाचं आहे: कॉलर माइक, कापड, ट्रायपॉड, दिवा आणि मोबाइलमधली सेटिंग्ज. मोबाइल हाताशी आहे असं धरलं, तर सगळं मिळून पाच-सहा हजारांत बसतं. दिवा पुढे ढकलला तर तीन हजारांत. ही काटकसर महत्त्वाची आहे, कारण मालिकेत काम मिळालं तरी पहिले पैसे साधारण ९० दिवसांनी हातात येतात आणि त्यातूनही १० टक्के टीडीएस कापलेला असतो. सुरुवातीला दहा-पंधरा हजार सामानात घालणं बहुतेकांना झेपत नाही आणि तशी गरजही नाही.

खरेदीचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी गोल रिंग लाइट येतो, मग मोबाइल बदलायचा विचार सुरू होतो आणि माइक कधीच येत नाही. तीन वर्षं जुना मोबाइलसुद्धा पुरेसं चित्र देतो. आवाजाचं तसं नाही. मोबाइलचा स्वतःचा माइक सहा फुटांवरून बोलणं टिपतो तेव्हा त्यात भिंतींवरून परतलेला आवाज, पंखा, फ्रिज आणि खालची रिक्षा, सगळंच मिसळतं. टाइल्सची फरशी आणि रिकाम्या भिंती असलेल्या आपल्या खोल्यांत तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. म्हणून आधी माइक.

माइक: बोया बीवाय-एम१

या किमतीत अजूनही हाच माइक घ्यावा असं ठाम मत आहे. आठशे ते हजार रुपयांच्या आसपास मिळतो. सेलमध्ये किंमत हलते. वायर तब्बल ६ मीटरची, टोकाला चार भागांचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक. डब्यात क्लिप, स्पंजची टोपी, मोठ्या जॅकसाठी अडॅप्टर आणि एलआर४४ बटण सेल येतो. माइक सगळ्या दिशांनी ऐकणारा आहे, त्यामुळे मान थोडी वळली तरी आवाज पडत नाही. नटासाठी हा गुण मोठा, कारण प्रसंगात माणूस मान हलवणारच.

वायरच्या मध्ये एक छोटी डबी आहे आणि तिच्यावर स्विच. या स्विचवरूनच सर्वांत जास्त घोळ होतो. मोबाइलला जोडताना तो 'ऑफ / स्मार्टफोन' या बाजूला हवा, कॅमेऱ्याला जोडताना 'ऑन'. सेल फक्त कॅमेऱ्यासाठी लागतो. मोबाइलला जोडून कुणी स्विच 'ऑन' केला की आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही आणि माइक बिघडला म्हणून लोक परत करतात. कॅमेऱ्यासाठी वापरून झाल्यावर स्विच तसाच राहिला, तर सेल हळूहळू उतरतो. डबी लोंबकळत ठेवली की तिच्या वजनाने वायर ओढली जाते आणि क्लिप तिरकी होते, म्हणून ती मागच्या खिशात किंवा कमरेला खोचायची.

हल्लीच्या बऱ्याच मोबाइलना गोल जॅकच नसतो. मग यूएसबी-सीचा अडॅप्टर घ्यावा लागतो. इथे स्वस्तातला, आत चिप नसलेला अडॅप्टर बऱ्याच मोबाइलवर चालत नाही. दुकानात 'डॅक'वाला, म्हणजे आत चिप असलेला अडॅप्टर मागा, तीनशे ते सहाशेपर्यंत पडतो. शिवाय तो बाहेरच्या माइकलाही चालणारा हवा. काही फक्त हेडफोनपुरते असतात. ही कटकटच नको असेल तर याच कंपनीचा बीवाय-एम३ थेट यूएसबी-सीचा आहे आणि जुन्या आयफोनसाठी बीवाय-एम२ लायटनिंगचा.

माइक जोडला म्हणजे मोबाइल तो वापरेलच असं नाही. अँड्रॉइडच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपपैकी काही बाहेरच्या माइककडे दुर्लक्ष करतात आणि आपलाच माइक चालू ठेवतात. तपासणी सोपी आहे. रेकॉर्डिंग सुरू करून कॉलर माइकवर नखाने हलकं खाजवायचं, मग मोबाइलच्या तळाशी खाजवायचं. ऐकताना कोणता खरखराट मोठा येतो ते पाहायचं. मोबाइलचा मोठा आला, तर 'ओपन कॅमेरा' हे मोफत अ‍ॅप घेऊन त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बाहेरचा माइक निवडा. आयफोन आणि निवडक अँड्रॉइडवर 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हेही मोफत आहे. त्यात आवाजाची पट्टी डोळ्यांसमोर हलताना दिसते, ती रंगीत तालमीसारखी आधीच पाहून घेता येते.

माइक कुठे लावायचा? हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर. गळ्याला चिकटून लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज दबतो, पोटाकडे नेला तर खोली ऐकू येते. क्लिपजवळ वायरचा एक छोटा फास करून तो क्लिपमध्येच अडकवायचा, म्हणजे खालून ओढ बसली तरी माइक हलत नाही. चौकटीत माइक दिसला तर चालतं. तो कपड्याच्या आत लपवायच्या नादात घासण्याचा आवाज घेऊ नका.

कपड्यांनी होणारा त्रास मराठी भूमिकांमध्ये जास्त, कारण साडी, दागिने आणि खळ घातलेले कुर्ते वारंवार येतात. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात आणि प्रत्येक श्वासाला टकटक येते. मंगळसूत्र घालायचंच असेल तर वाट्या ब्लाउजला आतून दुहेरी चिकटपट्टीने धरून ठेवा आणि माइक चार बोटं बाजूला, पदराच्या पिनेजवळ लावा. ठुशी गळ्याशी घट्ट बसते, तिचा त्रास नाही. सिल्क आणि नायलॉन घासल्यावर सळसळतात, सुती आणि खादी गप्प असतात. भूमिका पैठणीची असली तरी टेपला सुती साडी चालते. कास्टिंगवाले काठपदर पाहायला बसलेले नसतात.

बिनतारी माइकबद्दल. हजार-पंधराशेत क्लिपवाल्या जोड्या मिळतात, दिसायला छान आणि वायरची कटकट नाही. तरी टेपसाठी त्या घेऊ नका. स्वस्त संचांमध्ये आजूबाजूचा गोंगाट कापणारी सोय असते आणि ती हळू बोललेलं गोंगाट समजून खाते. मराठीत याचा फटका जास्त बसतो, कारण आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात आणि भावनेच्या प्रसंगात तोच शेवट नट खाली उतरवतो. 'मी परत येणार नाही' यातलं 'नाही' श्वासात विरलं की टेपमध्ये उरतं 'मी परत येणार'. प्रसंगाचा अर्थच फिरला! असा संच आधीच घेतला असेल तर त्यातलं नॉइज कॅन्सलेशन बंद करून वापरा.

बीवाय-एम१ मध्ये खोट नाही असं नाही. वायर ६ मीटर म्हणजे दोन मीटर कामाची आणि चार मीटर पायात येणारी. जॅकजवळ ती वाकवून गुंडाळली की काही महिन्यांत तिथेच तुटते, म्हणून मोठ्या वेटोळ्यात सैल गुंडाळा आणि डबीभोवती आवळू नका. स्पंजची टोपी हमखास हरवते. घरात वाऱ्याचा प्रश्न नसला तरी 'प', 'फ', 'भ' यांच्या फुंकरीसाठी ती उपयोगी आहे, सुई-दोऱ्याने एक टाका घालून क्लिपला बांधून टाकावी. खूप मोठ्याने किंचाळायचा प्रसंग असेल तर या माइकचा आवाज फाटतो. तेव्हा तो वीतभर आणखी खाली घ्या, एवढाच उपाय.

कापड

मागे काय दिसतं याचा विचार कमी लोक करतात. कपाट, कॅलेंडर, देवघर, दोरीवरचे कपडे, पाहणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. भिंत मोकळी आणि फिक्या राखाडी रंगाची असेल तर कापडाची गरजच नाही. पांढरी भिंत मात्र त्रास देते. मोबाइल त्या पांढऱ्याचा उजेड मोजून चित्र गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. हिरवं कापड तर मुळीच नको. त्याची झाक हनुवटीखाली आणि गालाच्या कडेला उतरते.

सर्वांत चांगला सौदा म्हणजे साधी, बिनछापाची, राखाडी किंवा मळकट निळ्या रंगाची सुती डबल बेडशीट. साधारण साडेसात बाय आठ फुटांची असते आणि चारशे-सहाशेत येते. मुंबईत मंगलदास मार्केट किंवा दादर, पुण्यात रविवार पेठ इथे कापड हातात घेऊन पाहता येतं. चमक नको, एवढंच पाहायचं. पॉलिएस्टरला उजेड पडला की मधोमध पांढरा डाग दिसतो. सुती कापडाला घड्या पडतात, त्या आदल्या रात्री पाणी शिंपडून, कापड टांगून आणि खालच्या कडेला चिमटे लावून निघतात.

रुंदीचं गणित समजून घ्या, कारण तिथे फसगत होते. छातीपासून वरची आडवी चौकट घ्यायची असेल, तर मोबाइलच्या एक्स-१ (नेहमीच्या) लेन्सने साधारण तीन फुटांवरून घ्यावी लागते आणि नटाच्या मागे तीन फुटांवर टांगलेलं कापड तेव्हा आठ फूट रुंद लागतं. एक्स-२ (दुप्पट झूम) ने मोबाइल साडेसहा फुटांवर जातो आणि कापड साडेसहा फूट पुरतं. एक्स-२ चा दुसरा फायदा चेहऱ्याला. तीन फुटांवरून नाक जरा मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, साडेसहा फुटांवरून चेहरा आहे तसा येतो. साडेसहा अधिक तीन, त्यात ट्रायपॉडमागे उभं राहायला दीड फूट, म्हणजे अकरा फूट. १० बाय १२ च्या खोलीत हे लांबीच्या बाजूने बसतं.

गोल गुंडाळी होणारी, तारेच्या चौकटीतली दुरंगी पार्श्वभूमी मिळते, पाच बाय सात फुटांची. झटक्यात उघडते आणि प्रवासात बरी, पण दीड-दोन हजार जातात. उभी लावली तर एक्स-२ लाही रुंदीला कमी पडते. आडवी लावून बसून टेप करणाऱ्यालाच ती पुरते.

कापड नटाच्या पाठीला चिकटलेलं नको, तीन फूट मागेच हवं, म्हणजे सावली त्याच्यावर पडत नाही. आणि राखाडी कापडासमोर राखाडी कुर्ता घालून उभं राहू नका, मान तेवढी तरंगताना दिसते.

मोबाइलची सेटिंग्ज

मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याच अँड्रॉइडवर चेहरा गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू असते आणि त्यात डोळ्यांभोवतीच्या बारीक हालचाली पुसल्या जातात. नटाचं भांडवल तिथेच असतं. लेन्स सुती रुमालाने पुसा. बोटाच्या तेलाने दिव्याभोवती धूसर वलय येतं.

मोबाइल आडवा धरा. उभी टेप मागितली असेल तरच उभी. १०८० पिक्सेल पुरे, फोर-के नको. फाइल तिप्पट होते आणि पाहणारा ती मोबाइलवरच पाहणार असतो.

आता फ्रेमचा मुद्दा, जो भारतात वेगळा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंदाचं शटर (एका फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ) घेतो तेव्हा हा मेळ बसत नाही आणि चित्रावर आडवे काळपट पट्टे सरकतात. उपाय म्हणजे २५ फ्रेम आणि १/५० शटर. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे 'शो पॅल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ चा पर्याय येतो. अँड्रॉइडला ३० च मिळत असेल तर प्रो व्हिडिओत शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा, पट्टे जातात.

आयफोनवर एचडीआर व्हिडिओ बंद करा. दुसऱ्याच्या मोबाइलवर तो फिकट किंवा भगभगीत दिसतो. फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, नाहीतर जुन्या संगणकावर फाइल उघडत नाही. या फॉरमॅटमध्ये १०८० ची एक मिनिटाची फाइल साधारण १३० एमबी होते, म्हणजे दोन मिनिटांच्या टेपला २६० एमबी मोकळी जागा प्रत्येक टेकसाठी. दहा टेकनंतर 'स्टोरेज फुल' येतं ते याचमुळे.

चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा आणि फोकस-उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर हात वर केला की चित्र उजळतं-मंदावतं. व्हाइट बॅलन्सही (चित्रातली पिवळी-निळी झाक ठरवणारी सोय) लॉक करता आला तर उत्तम. शेवटी एरोप्लेन मोड. सर्वांत चांगल्या टेकमध्येच फोन वाजतो.

दिवा

सकाळी खिडकी असेल तर दिवा लागत नाही. खिडकीकडे तोंड करून थोडं तिरकं, तीन फुटांवर उभं राहा आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टांगा. युनिटवर थर्माकोलचा बाऊन्स लावतात, तेच काम ही चादर करते. थेट ऊन मात्र पडायला नको. पावसाळ्यात ढग आले-गेले की टेकच्या मधोमध उजेड बदलतो, तेव्हा टेक पुन्हा घ्या आणि पूर्ण चांगला उतरलेला एकच पाठवा. तुकडे जोडू नका.

रात्री टेप करावी लागणाऱ्यांसाठी १८ इंची रिंग लाइट स्टँडसह दोन-तीन हजारांत येतो. माझ्या मते ही मध्यम प्रतीची खरेदी आहे. त्याच्या मधोमध मोबाइल लावायचा ही मूळ कल्पना, पण आपण मोबाइल साडेसहा फुटांवर नेलाय आणि तिथून त्या दिव्याचा उजेड कमी पडतो. जवळून लावला तर बुबुळात पांढरं कडं दिसतं आणि डोळे बाहुलीसारखे वाटतात. म्हणून तो मोबाइलपासून सोडवून नटापासून तीन-चार फुटांवर, ४५ अंशांत बाजूला, डोळ्यांपेक्षा फूटभर उंच ठेवायचा. असंच वापरायचं असेल तर त्याच पैशांत येणारा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआड बल्ब असलेला दिवा) जास्त बरा, उजेड मऊ पडतो आणि साधा बल्ब होल्डर असल्याने बल्ब बदलता येतो.

बल्ब घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा वर पाहा. घरगुती एलईडीचा ८० च्या आसपास असतो आणि त्यात गव्हाळ-सावळी त्वचा मातकट दिसते. खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब टेपच्या वेळी बंद. दोन रंगांचा उजेड एका चेहऱ्यावर आला की अर्धा गाल पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो. चष्मा असेल तर दिवा आणखी वर न्या आणि काड्या कानावर किंचित उचला, काचेतलं प्रतिबिंब खाली निघून जातं.

आवाजासाठी पंखा बंद ठेवल्याने घाम येतो, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. दोन टेकच्या मध्ये टिश्यूने टिपायचं, पावडरचे थर चढवायचे नाहीत.

ट्रायपॉडबद्दल दोनच गोष्टी. उंची पूर्ण उघडल्यावर किमान साडेपाच फूट हवी, कारण उभ्याने टेप करताना लेन्स डोळ्यांच्या रेषेत लागते. चार फुटांच्या ट्रायपॉडवरून नाकपुड्या दिसतात. आणि मोबाइल पकडणारा चिमटा बाजूचं बटण दाबत नाही ना ते पाहा, रेकॉर्डिंग मध्येच बंद पडण्याचं ते नेहमीचं कारण आहे. हजार-पंधराशेत चांगला मिळतो. मुंबईत फोर्टचा बोरा बाजार किंवा लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे उघडून पाहून घ्या. डोक्याचा स्क्रू आवळल्यावर मोबाइल हळूहळू खाली झुकत असेल तर तो नग परत द्या.

टेप करताना

सामान कितीही चांगलं असलं तरी समोरून ओळी देणारा माणूस चुकीच्या जागी उभा असेल तर टेप वाया जाते. त्याने लेन्सला अगदी खेटून, डोळे लेन्सच्या उंचीला येतील असं उभं राहायचं. नटाची नजर लेन्सपासून चार बोटं बाजूला पडते, दोन्ही डोळे दिसतात. तो बाजूला भिंतीपाशी उभा राहिला की टेपमध्ये नुसता कान दिसतो. प्रसंगात दोन पात्रं समोर असतील तर एक लेन्सच्या डावीकडे आणि एक उजवीकडे ठरवून घ्या. वाचणाऱ्याने सपाट पण खऱ्या गतीने वाचावं, स्वतः अभिनय करू नये. त्याला माइक देऊ नका. नटाचा आवाज जवळ आणि त्याचा लांबून, हे प्रमाण बरोबर असतं.

आई, भाऊ, रूममेट, कुणीही चालेल, पण ओळी त्याला आधी दोनदा वाचू द्या. अडखळणाऱ्या वाचकासमोर नट वाट बघत थांबतो आणि प्रसंगाचा ताल जातो.

डोक्यावर चार बोटं जागा आणि खाली छातीपर्यंत. अंगविक्षेपाचा प्रसंग असेल तर कमरेपर्यंत. ओळख वेगळ्या क्लिपमध्ये करा: नाव, वय, उंची, सध्याचं शहर, येणाऱ्या भाषा आणि बोली, मागितलेल्या तारखांना मोकळे आहात का. ही ओळख लेन्समध्ये बघून द्यायची. मग डावी बाजू, उजवी बाजू, आणि पायांपर्यंत पूर्ण उभं एक चित्र. बोलींबाबत खरं सांगा. मालवणी किंवा वऱ्हाडी 'येते' असं म्हटलं की लगेच दोन ओळी म्हणून दाखवायला सांगतात.

सहा-सात टेकपेक्षा जास्त करू नयेत. त्यानंतर सफाई वाढते पण चेहरा थकतो आणि ऐकण्याची ताजी प्रतिक्रिया जाते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टेकमध्ये बहुतेकदा सर्वांत चांगलं मिळतं. पार्श्वसंगीत, स्लो मोशन, नावाच्या पाट्या, काही नको.

पाठवताना

व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. अ‍ॅटॅच करताना 'डॉक्युमेंट' निवडा, दोन जीबीपर्यंत मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ड्राइव्हची लिंक देत असाल तर 'एनीवन विथ द लिंक' हा पर्याय लावा आणि दुसऱ्या मोबाइलवर, आपल्या खात्यातून बाहेर पडून, उघडून पाहा. परवानगी मागणारी लिंक कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं ठेवू नका. आपलं नाव, पात्राचं नाव, शहर, एवढं त्यात हवं.

मुंबईत असाल तर आरामनगर, वर्सोवा भागात तासावर टेपची खोली भाड्याने मिळते. तिथे दिवा, कापड आणि वाचणारा माणूस तिन्ही असतात. सिनेमाच्या मोठ्या भूमिकेसाठी, विशेषतः दुसऱ्या फेरीत, हा खर्च सार्थ आहे. दर आठवड्याला येणाऱ्या मालिकांच्या टेपसाठी नाही, तीन-चार फेऱ्यांत घरच्या सामानाचे पैसे निघतात. खोली ठरवताना दोन गोष्टी विचारा: वाचणारा मराठी वाचतो का, आणि मूळ फाइल तुमच्या मोबाइलवर लगेच देतात का. मराठी प्रसंगाला हिंदीभाषक वाचक मिळाला तर त्याच्या 'च' आणि 'ळ' वर नटाचं लक्ष अडकतं. आणि टेप पाहण्यासाठी, पोर्टफोलिओसाठी किंवा 'नोंदणी'साठी पैसे मागणाऱ्या माणसाला टेप पाठवू नका. खरा कास्टिंगवाला नटाकडून पैसे घेत नाही. त्याचे पैसे निर्मितीसंस्था देते.

टेप आवडली तर मालिकेत पुढे लूक टेस्ट, मग समोरच्या कलाकारासोबत मॉक शूट, मग वाहिनीची मंजुरी आणि त्यानंतर करार. यात कधी चार दिवस जातात, कधी दोन महिने. तोवर मूळ फाइल पुसू नका, आणि टेपमध्ये कोणता कुर्ता किंवा साडी होती, केस कसे बांधले होते, दाढी किती होती हे फाइलच्या नावासोबत लिहून ठेवा. दुसऱ्या फेरीला 'टेपमध्ये होता तसेच या' असा निरोप येतो.